दहावी रास

रविवारी सकाळी सुखराम दारात उभा राहून म्हणाला, "तुमचे लय उपकार झाले बाबू," आणि नंदलालच्या हातातला चहा बशीत सांडला. सुखरामने धुतलेलं धोतर नेसलं होतं, डोक्याला तेल लावलं होतं, आणि काखेत ओल्या फडक्याचं एक गाठोडं होतं. नदीपलीकडच्या कारध्याहून पूल ओलांडून तो पायी आला होता. कारखान्यातला माणूस सुटीच्या दिवशी घरी आला की नंदलालला आधी भीती वाटे; काहीतरी मागायला आला असेल, नाहीतर भांडायला. पण हा तर हसत होता. "बसा ना सुखरामजी," नंदलाल म्हणाला. "बसत नाई बाबू. मेवण्याच्या बोडीतले शिंगाडे हायेत, आजच तळ्यात उतरून काढले. पोरीयले द्या." गाठोडं त्याने उंबऱ्याच्या आत ठेवलं. ठेवताना उजवा हात नेहमीसारखा थरथरला आणि त्याने तो डाव्या हाताने धरला. "त्या दिवशी तुमी मले घरी राहा म्हटलं, म्हून माही इज्जत वाचली. साहेब मागं उभा, तुमी घड्याळ धरून, अना माह्या हातून हातोडा सुटला असता तं?" मग त्याने गाठोडं आणखी थोडं आत सरकवलं. "काल नोटीस आयकली. चिंधूनं वाचून दाखवली. मी एक दिवस नव्हतो तं काम केवढं वाढलं बापा! मले मालूमच नव्हतं, मी सगळ्यायच्या आडवा येऊन राहिलो होतो. उद्या साहेबाले सांगतो, मले मोकळं करा म्हून." नंदलाल म्हणाला, "तसं काही नाही, सुखरामजी." एवढंच म्हणाला. सुखराम मान हलवून हसला, जणू बाबूने भलेपणाने खोटं बोलावं हे ठरलेलंच होतं, आणि गल्लीतून निघून गेला. नंदलाल बशीतला चहा बशीतच ठेवून बसला.

तसं काही नाही. हे तीन शब्द त्याला दिवसभर पुरले. आंघोळ करताना, जेवताना, पोरींची भांडणं सोडवताना ते त्याच्या तोंडात येत राहिले. कसं नाही? काय नाही? त्याला ठाऊक होतं काय आहे ते. भंडाऱ्याच्या त्या पितळी भांड्यांच्या कारखान्यात त्याच्याइतकं ते दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. तो मोजणारा बाबू. कामगार त्याला घड्याळबाबू म्हणत, आणि पाठीमागे आणखी काही म्हणत असतील तर तेही त्याला मान्य होतं. नागपूरला सहा महिन्यांचं शिक्षण घेऊन आल्यापासून त्याच्या गळ्यात दोरीला बांधलेलं एक घड्याळ असे आणि हातात पुठ्ठा. माणूस पत्रा उचलतो कधी, ठोकायला लागतो कधी, मधे तंबाखू किती वेळ मळतो, हे सगळं टिपायचं. आणि खरं सांगायचं तर या कामाचा त्याला कंटाळा नव्हता, अभिमान होता. ते सरकारने उत्पादकता वर्ष म्हणून जाहीर केलेलं साल होतं. कारखान्याच्या फाटकावर तसा फलक लागला होता, रेडिओवर भाषणं होत होती. आपल्या देशात एक माणूस दिवसभरात जेवढं करतो त्याच्या कितीतरी पट बाहेरच्या देशातला माणूस करतो. म्हणून आपला माल महाग, म्हणून तो विकत नाही, म्हणून नवे कारखाने निघत नाहीत, म्हणून पोरं रिकामी फिरतात. नंदलालला हे पटलं होतं. बाजारात स्टीलचे डबे आणि प्लास्टिकच्या बादल्या दिसू लागल्या होत्या आणि पितळेचे गुंड, म्हणजे मोठ्या घागरी, दुकानात टांगलेलेच राहत होते. पाणी भरायला गुंड घेऊन निघालेल्या बायकांच्या जागी बादल्या घेतलेल्या बायका दिसल्या की त्याला वाटे, यात आपल्या लोकांच्या संथ हातांचा वाटा आहे. देश गरीब आहे याचं कारण इतकं जवळ, इतकं हाताशी सापडावं, याचं त्याला कधी कधी बरंही वाटे.

हात संथ असणं म्हणजे काय हे त्याने घरातच पाहिलं होतं. पवनीला त्यांचा माग होता, वडील कोशाचं रेशमी कापड विणत. मागापुढे बसले की वडील घाई कशी ती करत नसत. धोटा इकडून तिकडे जाई, मग थोडा थांबे, मग वडील धाग्यावरून बोट फिरवत, मग परत धोटा. गिरणीचं कापड स्वस्त झालं, व्यापारी येईनासे झाले, घरातली भांडी एकेक करून गेली, पण धोट्याची चाल बदलली नाही. नागपूरहून शिकून आला तेव्हा पहिल्याच रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी, नंदलाल मागाच्या पाठीमागच्या खाटेवर बसून राहिला आणि खिशातलं घड्याळ त्याने हळूच सुरू केलं. त्याला वाईट काही करायचं नव्हतं. वडिलांचा दिवसातला किती वेळ फुकट जातो तेवढं त्याला पाहायचं होतं, मग तो त्यांना समजावणार होता. टिकटिक मागाच्या आवाजात ऐकू जाणार नाही असं त्याला वाटलं होतं. वडिलांनी धोटा थांबवला. मागे वळले नाहीत. "पाणी दे रे," म्हणाले. पाणी प्यायले, तांब्या खाली ठेवला, आणि नंदलाल उठून बाहेर जाईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसले. त्यानंतर तो घरी गेला आणि त्या खोलीत पाऊल टाकलं की माग बंद पडे. कधी तहान, कधी तंबाखू, कधी पाठ दुखते. वडील वारले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आपल्या बापाला आपण काम करताना शेवटचं कधी पाहिलं, हे आठवायला गेलं की नंदलालला तीच दुपार आठवे.

ठोकाई विभागात तो घड्याळ घेऊन उभा राहिला की दहाही जणांचे हात तसेच जड होत. दहा ऐरणी एका ओळीत, भिंतीकडे पाठ करून दहा माणसं, आणि मधोमध सुखराम. सगळ्यांत जुना. त्याचा हात गेल्या हिवाळ्यापासून थरथरू लागला होता आणि गुंडाचा गळा वळवताना त्याला वेळ लागे. पण गंमत अशी, की बाकी कुणीही सुखरामच्या पुढे जात नसे. चिंधूसारखा पैलवान गडी, मनात आणलं असतं तर दुप्पट माल काढला असता. पण सुखरामचा गुंड खाली उतरेपर्यंत तो आपल्या गुंडावर उगाच हातोडी फिरवत बसे. दिवसाचा माल एकत्र मोजला जाई आणि मजुरी दहांत सारखी वाटली जाई, त्यामुळे कोण पुढे कोण मागे हे कागदावर कधी दिसतच नसे. आणि एखादा आलाच नाही, ताप आला, कुणाकडे मयत झाली, तर बाकीचे त्याच्या वाट्याचा माल आपल्यात वाटून घेत आणि ठोकून त्याच्या ऐरणीपाशी रचून ठेवत, म्हणजे त्याचा हिस्सा बुडू नये. याला ते पात धरणं म्हणत, आणि ज्याची धरली त्याला कुणी ते बोलून दाखवत नसे. हा शब्द कारखान्यातला नव्हता. कोंढ्याला मामाच्या बांधीत रोवणा, म्हणजे धानाची लावणी, असे तेव्हा नंदलालने तो लहानपणी ऐकला होता. बायका वाकून ओळीने परे, धानाची रोपं, लावत मागे मागे सरकत, आणि एखादी लेकराला पाजायला धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, गेली की दोन्ही बाजूंच्या बायका काही न बोलता तिची पात धरत. ती परत येई तेव्हा ओळ तुटलेली नसे. सत्यभामा मामी तर म्हणे, "ओळ मोडली तं चिखलात काय मजा?" या माणसांनी आयांच्या, बायकांच्या मागून ती रीत ऐरणीपर्यंत आणली होती. नंदलालला हे सगळं माहीत होतं. त्याच्या गळ्यात घड्याळ होतं, पण कान मामाच्याच गावचे होते.

आणि तरीही. व्यवस्थापक लक्ष्मणराव म्हणजे वाईट माणूस नव्हे. नागपूरचे, हुशार, कामगाराच्या पोराला ताप आला तर स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात पोचवणारे. पण महिनोन् महिने ते एकच बोलत: "नंदलाल, इथल्या माणसाला घाईच नाही यार. धानाच्या शेतात राहून राहून रक्तातच सुस्ती आहे." हे ऐकलं की नंदलालच्या कानाची पाळी तापे. हे तो स्वतः मनात म्हणत असे ते वेगळं. नागपूरच्या माणसाने म्हणायचं म्हणजे काय? मग लक्ष्मणरावांनी ठरवलं, गुरुवारी दिवसभर आपण दोघं ठोकाईत उभं राहू आणि एकदाचं प्रमाण ठरवून टाकू. माणशी दिवसाला किती गुंड निघायला हवेत ते. बुधवारी सुटीची घंटा झाली तेव्हा नंदलालने सुखरामला पाण्याच्या टाकीजवळ गाठलं. "उद्या येऊ नका, सुखरामजी. साहेब मोजणार आहे." सुखरामने त्याच्याकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे पाहिलं, आणि म्हणाला, "बरं." त्या क्षणी नंदलालला स्वतःबद्दल जेवढं चांगलं वाटलं होतं तेवढं मागच्या कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. घरी जाताना त्याने पोरींसाठी जिलबी घेतली.

गुरुवारी सकाळी चिंधूने विचारलं, "सुखरामकाका कुठी हाय?" आणि नंदलाल साहेबांसमोर म्हणाला, "बरं नाही त्यांना." बस. तिथेच सगळं झालं. चिंधूने शेजारच्याकडे पाहिलं, शेजारच्याने पुढच्याकडे, आणि ओळीतून काहीतरी गेलं. मग हातोडे सुरू झाले. नंदलालने त्या विभागात असा आवाज कधी ऐकला नव्हता. कुणी तंबाखू मळली नाही, कुणी पाणी प्यायला उठलं नाही, जेवणाच्या सुटीत डबे उघडले आणि भाकर अर्धी टाकून माणसं परत ऐरणीवर आली. सगळ्यांचे सदरे पाठीला चिकटले. लक्ष्मणराव त्याच्या कानाशी येऊन म्हणाले, "पाहिलं? घड्याळ दिसलं की कसे हात चालतात!" आणि नंदलालच्या छातीत काहीतरी फुलून आलं. हे आमचे लोक, त्याला ओरडून सांगावंसं वाटलं, पाहा, रक्तात सुस्ती आहे म्हणता ना? दुपारनंतर कधीतरी त्याची नजर मधल्या रिकाम्या ऐरणीकडे गेली. तिच्यापाशी गुंड रचलेले होते. माणसं नऊ होती आणि राशी दहा. साहेबाच्या मोजणीत आजारी सुखरामची ऐरण उणी पडू नये म्हणून त्याची पात धरली जात होती. एका दिवसापुरती, जीव काढून, कारण एका दिवसापुरतं तसं करता येतं. नंदलालने ती दहावी रास पाहिली. पूर्ण पाहिली. त्याला समजायला एक श्वासही लागला नाही. साहेब शेजारी उभे होते, आवाज एवढा सुंदर होता, आणि संध्याकाळी त्याने सगळा माल एकत्र धरून नऊने भागला. तोच आकडा शनिवारी नोटिशीवर लागला: सोमवारपासून दर माणसाला एवढे गुंड, जो काढणार नाही त्याला दुसरीकडे हलवण्यात येईल. दुसरीकडे म्हणजे कुठे, हे कुणी विचारलं नाही. कारखान्यात दुसरीकडे काहीच नव्हतं.

नंदलाल साहेबांकडे गेला नव्हता असं नाही. शनिवारीच गेला होता, नोटीस लागल्यावर, म्हणजे उशिरा, आणि दार लोटताना मनात हेही होतं की आत कुणी पाहुणे असले तर बरं. पाहुणे नव्हते. त्याने चाचरत पात धरण्याचं सांगितलं. लक्ष्मणरावांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे नऊ जणं दहांचं काम करू शकतात. तेच तर मी म्हणतोय." "पण साहेब, ते रोज नाही होत. त्या माणसासाठी केलं त्यांनी." "मग कारखान्यासाठी का नाही करत? देशासाठी का नाही?" लक्ष्मणराव रागावले नव्हते, त्यांच्या आवाजात खरोखरचं दुःख होतं. "एका म्हाताऱ्यासाठी हात चालतात आणि रोजच्या कामाला चालत नाहीत, याला काय म्हणायचं तूच सांग." उत्तर असायला हवं होतं. ते कुठेतरी आहे, मामाच्या बांधीत आहे, बापाच्या मांडीवर ठेवलेल्या हातांत आहे, असं त्याला वाटत होतं. पण साहेबाच्या टेबलावर ठेवता येईल असं त्यातलं काहीच नव्हतं. तो "बरोबर आहे साहेब" म्हणून बाहेर आला. सुखरामला सुटी घ्यायला आपणच सांगितलं होतं, हे त्याने सांगितलं नाहीच.

दुपारी निर्मलाने शिंगाडे उकडले. पोरींनी टरफलांचा ढीग केला. "खा ना, कसे गोड हायेत," ती म्हणाली. नंदलालने एक सोलला आणि हातात तसाच धरून बसला. "अवो, काय झालं तुमाले? सकाळपासून पाहून राहिली मी." त्याने सांगितलं असतं तर निर्मलाने काहीतरी शहाणपणाचं सांगितलं असतं, ती तशी होती. पण त्याला शहाणपण नको होतं. त्याला कुणीतरी शिव्या घालायला हव्या होत्या. सुखराम सकाळी भांडायला आला असता तर किती बरं झालं असतं! तो आला ते शिंगाडे घेऊन, स्वतःलाच दोष देत, आणि उद्या साहेबापुढे जाऊन तोच हात जोडून म्हणणार की मी सगळ्यांच्या आडवा येत होतो, मला मोकळं करा. हे त्याच्या मनातून काढायला हवं. निदान एवढं तरी. तुम्ही आडवे नव्हता, सुखरामजी, तुमच्यासाठीच ते हात तसे चालले, हे त्याला कळायला हवं. नंदलालने सायकल काढली. पेडल मारता मारता त्याला हलकं वाटू लागलं आणि त्या हलकेपणाची त्याला तिथल्या तिथे शंका आली, पण सायकल उताराला लागली होती.

पुलावरून वैनगंगा उथळ दिसत होती, मधे मधे वाळू उघडी पडली होती. कारध्याच्या बाजूला धानाची कापणी चालू होती आणि वाऱ्याला तणसाचा वास होता. सुखरामचं घर शेवटच्या गल्लीत. रुखमाबाई ओसरीवर सुपात लाखोळीची डाळ पाखडत होती. तिने डोक्यावरचा पदर सावरला आणि नंदलालला पाहून तिचा चेहरा उजळला. "या बाबू, या. बरं झालं आले. सकाळपासून समजावून राहिली मी यायले. तवा कुठं आयकलं." सुखराम आतून बाहेर आला, सकाळचंच धोतर, पण तेल लावलेले केस विस्कटलेले होते. "हो बाबू," तो जरा ओशाळून म्हणाला. "हे म्हणते, तुमी आपल्या मनानं काहून जाता? साहेब काढन तवा काढन. तोवर जेवढं होते तेवढं ठोका. मंग मी म्हटलं, बरं. उद्या जातो कामावर. काई बोलत नाई साहेबाले." रुखमाबाई म्हणाली, "साहेबाच्या ध्यानात यायले साल दोन साल बी लागतीन. तोवर घर तं चालते." तिने पाणी आणून दिलं. नंदलालने तांब्या तोंडाला लावला. तो परत जाऊ शकत होता. पाणी पिऊन, धानपाण्याचं विचारून, सायकलवर बसून जाऊ शकत होता. ज्यासाठी आलो ते काम त्याने काही न बोलताच झालं होतं, सुखराम उद्या कामावर येणार होता. पण छातीत जे अडकलं होतं ते तसंच होतं, आणि घरी जाऊन त्याच्यासोबत झोपायचं, उठायचं, सोमवारी त्याच्यासोबत ठोकाईत उभं राहायचं, हे त्याला त्या क्षणी सहन झालं नाही.

त्याने सांगितलं. उभ्या उभ्या, तांब्या हातात घेऊन सगळं सांगितलं. तुम्ही आजारी आहात असं मीच खोटं सांगितलं, म्हणून त्यांनी तुमची पात धरली. तुमच्या ऐरणीपाशी रास होती. मी पाहिली, आणि मी ती सांगितली नाही. काम वाढलं ते तुम्ही नव्हता म्हणून नाही, सुखरामजी, तुमच्यासाठी वाढलं. बोलताना त्याचा आवाज भरून आला आणि भरून आल्याचं त्याला बरं वाटलं. सुखराम ओसरीच्या खांबाला टेकून ऐकत होता. शेवटी तो खाली बसला. "माही पात धरली?" तो म्हणाला. "चिंधूनं बी?" "सगळ्यांनी." म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो हसला. सकाळचं हसू आणि हे हसू यांत फार फरक होता. नंदलालला वाटलं, झालं, आलो त्याचं सार्थक झालं. आता तो रागावेल, मग आपण माफी मागू. सुखरामने आपला उजवा हात उलटसुलट करून पाहिला.

"मंग तं मले गेलंच पायजे," तो म्हणाला.

"का? अहो, मी तेच सांगतोय..."

"नाई बाबू, तुमी समजलेच नाई. मी जड होतो, काम अडवत होतो, तवर ठीक होतं. पडून राह्यलो असतो एका कोपऱ्यात. पण उद्यापासून आकडा मोठा. माह्या हातून तो होत नाई, हे पोट्ट्यायले मालूम हाय. ते माही पात धरतीन. एक दिवस नाई, रोज. अर्धी भाकर खाऊन. त्यायचे बी हात असेच जातीन." त्याने आपला हात पुढे केला आणि परत मांडीवर ठेवला. "त्यायच्या जिवावर मी कसा बसू तिथं? उद्या सकाळीच सांगून येतो साहेबाले." आणि मग तो अगदी मनापासून म्हणाला, "तुमी सांगतलं म्हून बरं झालं. नाईतर मी बसलो असतो तसाच."

नंदलाल काहीतरी बोलू लागला. साहेबांना मी पुन्हा सांगतो, नोटीस मी बदलून घेतो, असं काहीतरी. आपण ते करणार नाही हे त्याला बोलतानाच ठाऊक होतं, आणि सुखराम ऐकतही नव्हता. तो कोनाड्यातली तंबाखू काढायला आत गेला होता. ओसरीवर रुखमाबाई उरली. तिने सूप खाली ठेवलं होतं. ती रडत नव्हती, आवाजही तिने चढवला नाही. नंदलालच्या हातातून तिने रिकामा तांब्या घेतला.

"दिवसभर बसून मी यायले कबूल करवलं होतं," ती म्हणाली. "तुमच्या पोटात दुखत होतं, म्हून तुमी सांगून मोकळे झाले. आमी आता काय करावं, बाबू?"

तो सायकलपाशी आला. कुलूप त्याने लावलंच नव्हतं, तरी खिशात किल्ली शोधत तो बराच वेळ तिथे उभा राहिला.